समुराईचा खेळ आणि नवखे खेळाडू: तलवारीच्या आधी धनी

गेल्या काही वर्षांत समुराईंवरच्या, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांवरच्या मालिका आणि व्हिडिओ गेम लोकांनी डोक्यावर घेतले. टेबलाभोवती बसून खेळणाऱ्या गटांमध्येही ‘आता समुराई खेळू या’ ही फर्माईश होऊ लागली. फर्माईश करणाऱ्यांत असा खेळ कधीच न खेळलेली मंडळीही असतात, आणि खेळ चालवणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. घराण्यांची नावं, दरबारी रीतिरिवाज, बुशिदो (समुराईंची आचारसंहिता), सेप्पुकू (मानाची आत्महत्या), हे सगळं नवख्यांना शिकवायचं कधी आणि खेळायचं कधी?

बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं. कोणी आधी लांबलचक पीडीएफ पाठवतो आणि ती कोणी उघडत नाही. कोणी काहीच सांगत नाही. मग पहिल्याच दरबारात एखादा उत्साही खेळाडू सरदारापुढे तलवार उपसतो, आणि पुढचे दोन तास ते निस्तरण्यात जातात. माझ्या मते नवख्यांना माहिती कमीच द्यावी. त्याऐवजी प्रत्येक पात्राला एक धनी द्यावा, आणि त्या धन्याच्या हुकमाच्या आड येणारी एक ओढ द्यावी. एवढं पक्कं असलं की बाकीचं जग खेळता खेळता उलगडतं.

मुळात हा खेळ असतो तरी काय

याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, थोडक्यात आरपीजी. चार-पाच जण बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण पात्र घेत नाही, तो बाकीचं सगळं जग सांभाळतो. गावकरी, शत्रू, पाऊस, अफवा, सगळं त्याच्याकडे. तो गेम मास्टर, म्हणजे जीएम. जीएम प्रसंग सांगतो: “तुम्ही घाटावर पोचलात. नाव पलीकडच्या तीरावर आहे आणि नावाड्याचा पत्ता नाही. काय करता?” खेळाडू आपापलं पात्र काय करेल ते सांगतात. निकाल कुठल्याही बाजूला झुकू शकत असेल तिथे फासे टाकायचे. एक बैठक साधारण तीन-चार तासांची, आणि तीच पात्रं घेऊन महिनोन्महिने चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन.

या प्रकारातला पहिला छापील खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत आला. बहुतेक लोकांच्या डोक्यात आरपीजीचं चित्र आहे ते त्याच्यावरूनच तयार झालेलं: भटके वीर, भुयारं, राक्षस, खजिना. त्या वीरांवर कोणाचा हुकूम चालत नाही. मनाला आलं तर गाव वाचवतात, नाही आलं तर पुढे निघून जातात.

समुराई असं करू शकत नाही, आणि नवख्यांना सगळ्यात आधी कळायला हवं ते हेच.

समुराई म्हणजे चाकर

जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांची सत्ता होती त्या काळात, १६०३ ते १८६८ या अडीचशेहून अधिक वर्षांत, बहुतेक समुराई आपल्या सरदाराकडून मिळणाऱ्या तांदळावर जगत. सरदारांची दौलतही तांदळातच मोजली जाई. माप होतं कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचं वर्षाचं अन्न. निदान १०,००० कोकूंचा मुलूख ज्याच्याकडे तो दाइम्यो, मोठा सरदार. त्या शांततेच्या काळात कित्येक समुराईंच्या हातात तलवारीपेक्षा हिशेबाची वहीच जास्त वेळ असे.

तेव्हा खाल्ल्या मिठाला जागणं हे समुराईचं पहिलं काम. जपानीत या बांधिलकीला गिरी म्हणतात आणि माणसाच्या मनातल्या मायेला, इच्छेला निंजो. इथून पुढे मी कर्तव्य आणि ओढ असंच म्हणेन. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला दोन बाजूंना खेचतात तेव्हा काय होतं, हे सांगायला एक खरी घटना पुरेशी आहे.

१७०१ साली अको या संस्थानाचा सरदार आसानो नागानोरी याने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या किल्ल्यात दरबारी अधिकारी किरा योशिनाका याच्यावर हत्यार चालवलं. किरा जखमी झाला, पण वाचला. किल्ल्यात हत्यार उपसणं हा गंभीर गुन्हा होता. आसानोला त्याच दिवशी सेप्पुकूचा, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याचा हुकूम झाला. त्याचं संस्थान जप्त झालं आणि पदरचे समुराई एका फटक्यात रोनिन झाले, धनी नसलेले. त्यांतल्या ४७ जणांनी ओइशी योशिओ या जुन्या कारभाऱ्याच्या पुढाकाराने जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली. जानेवारी १७०३ मध्ये रात्री किराच्या वाड्यावर हल्ला करून त्यांनी त्याला मारलं आणि त्याचं शीर सेंगाकुजी मंदिरात धन्याच्या समाधीपुढे नेऊन ठेवलं.

आता यांचं करायचं काय? धन्यासाठी जीव पणाला लावणारे हे आदर्श सेवक, आणि शोगुनच्या राजधानीत घरात घुसून खून करणारे गुन्हेगारही. यावर विद्वानांत आणि अधिकाऱ्यांत खल झाला. शेवटी त्यांना साध्या गुन्हेगारांसारखं न मारता सेप्पुकूची मुभा दिली गेली. शिक्षाही झाली आणि मानही राहिला. ते बरोबर होते की चूक, यावर जपानात पुढे कित्येक पिढ्या वाद होत राहिला.

समुराई कॅम्पेन रंगतं ते अशा जागी. खेळाडूला उत्तर देता येतं, पण कुठलंही उत्तर दिलं तरी काहीतरी हातचं जातं.

रोकुगान: तयार मिळणारं जग

या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला खेळ म्हणजे लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज. १९९५ मध्ये तो पत्त्यांच्या खेळाच्या रूपात आला, १९९७ मध्ये त्याचा आरपीजी निघाला, आणि पाचवी आवृत्ती २०१८ सालची. त्याची गोष्ट घडते रोकुगान नावाच्या काल्पनिक साम्राज्यात. हे जग जपानवरून बेतलेलं आहे, पण जपान नाही. तिथे राक्षस आहेत, मंत्रविद्या आहे, आणि स्त्रिया सेनापती किंवा घराण्याच्या प्रमुख असणं ही रोजची गोष्ट आहे.

रोकुगानात सात मोठी घराणी आहेत. नवख्यांना सातही सांगू नका. तिघांवर भागतं. खेकडा घराणं दक्षिणेची प्रचंड भिंत राखतं, पलीकडच्या राक्षसी मुलखापासून सगळ्यांना वाचवतं आणि दरबारात रांगडं ठरतं. सारस घराण्याची ख्याती कला, शिष्टाचार आणि द्वंद्व यांत. सिंह घराण्याची फौज आणि फौजेचा अभिमान. एवढ्यावर तीन खेळाडू पात्रं निवडतात आणि एकमेकांशी वादही सुरू करतात.

या खेळातल्या पाच कड्यांची नावं मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि शून्य. पंचमहाभूतांची ही कल्पना भारतातून बौद्ध धर्माबरोबर जपानात गेली, तिथून ती या खेळात आली. प्रत्येक कड्याला एक आकडा असतो, आणि तुम्ही काम कशा पद्धतीने करता त्यावरून कडं ठरतं. समोरच्याचं मन वळवायचं आहे? मुद्देसूद समजावलं तर पृथ्वी, गोडीगुलाबीने जिंकलं तर जल, भडकावलं तर अग्नी, चकवलं तर वायू. नवख्याला विचारायचं फक्त इतकंच: “कसं बोलतोस ते सांग.” कडं जीएम ठरवतो.

कड्याच्या आकड्याइतके सहा बाजूंचे काळे फासे आणि कौशल्याच्या आकड्याइतके बारा बाजूंचे पांढरे फासे एकदम टाकायचे. त्यांतले हवे ते ठेवायचे, पण कड्याच्या आकड्याहून जास्त नाहीत. फाशांवर आकडे नसून चिन्हं असतात. त्यांतली मुख्य म्हणजे यशाचं, संधीचं आणि ताणाचं. खरी मजा ताणाच्या चिन्हात आहे. कित्येकदा यश असलेल्या फाशावरच ताणही असतो. तो फासा ठेवला तर काम होतं, पण पात्राच्या मनातला ताण वाढतो. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की ताणाचं चिन्ह असलेले फासे ठेवता येत नाहीत, म्हणजे पात्र गोंधळतं, अडखळतं. मोकळं होण्याची एक वाट असते: चारचौघांत मुखवटा गळू द्यायचा. रडू फुटतं, आवाज चढतो, माणूस सभा सोडून जातो. ताण उतरतो, पण अब्रू जाऊ शकते. एवढा एक नियम नीट समजला तर पहिल्या सेशनला बाकीचे नियम जीएमच्या डोक्यात राहिले तरी चालतात.

खास फासे नसतील तर साधे सहा आणि बारा बाजूंचे घ्या, आणि कुठल्या आकड्याला कुठलं चिन्ह ते एका कागदावर लिहून मधे ठेवा.

शिष्टाचार पाठ करायला लावू नका

आपल्याकडच्या लग्नघरातला मानपान आठवा. आहेर आधी कोणाला, कोणाला कुठे बसवायचं, कोणाचं नाव पत्रिकेत वर. याची घोकंपट्टी कोणी केलेली नसते, तरी घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, आणि चुकलं की वीस वर्षं ऐकावं लागतं. समुराई पात्रही अशाच घरात वाढलंय. नवा खेळाडू मात्र त्या घरात आज पहिल्यांदा येतोय.

म्हणून माझा एक पक्का नियम आहे. जे पात्राला माहीत असायला हवं, ते खेळाडू चुकण्याच्या आधी सांगायचं. चुकल्यावर शिक्षा म्हणून नाही. खेळाडू म्हणाला, “मी तलवार घेऊनच यजमानाच्या दालनात जातो,” तर लगेच सांगा, “तुझ्या पात्राला माहीत आहे की लांब तलवार दारात ठेवायची असते. नेलीस तर यजमान तो अपमान समजेल. तरीही नेतोस?” आता तो जे करेल ते समजून-उमजून करेल. काही जण तलवार दारात ठेवतात. एखादा मुद्दाम नेतो, आणि तो क्षण सगळ्या टेबलाला लक्षात राहतो. न सांगता पकडलं असतं तर त्या खेळाडूला फक्त आपण मूर्ख ठरलो असं वाटलं असतं, आणि पुढच्या वेळी त्याने तोंडच उघडलं नसतं.

नावांचंही तसंच. आडनाव आधी, नाव नंतर, आणि जपानी नावं पहिल्या दिवशी एकमेकांत मिसळतात. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राचं नाव आणि काम जाड अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून उभं ठेवा.

पहिलं प्रकरण: दोनशे कोकू तांदूळ

वेगवेगळ्या घराण्यांची पात्रं एकत्र का फिरतील, ही जुनी अडचण. रोकुगानात तिचं तयार उत्तर आहे. सम्राटाचा कायदा राखणारे दंडाधिकारी, आणि त्यांच्या हाताखालचे योरिकी. योरिकी हा शब्द एदोच्या खऱ्या कोतवालीतलाच. सगळी पात्रं एकाच दंडाधिकाऱ्याचे योरिकी करा. धनी एक, काम एक, आणि घराणी वेगळी असल्याने कुरबुरी आपोआप.

प्रकरण साधं ठेवा. एका गावच्या कोठारातून कराचा दोनशे कोकू तांदूळ गेला आहे. हा आकडा नुसता सांगू नका. म्हणा, “दोनशे माणसांचं वर्षभराचं जेवण.” टेबलावर शांतता पसरते.

खेळाडू कामाला लागतात. कोठाराचं कुलूप, नदीकाठी सांडलेले दाणे, बोटींच्या खुणा. एक शेतकरी पोरगा सांगतो, रात्री सरदाराचा धाकटा भाऊ स्वतः उभा राहून पोती चढवून घेत होता. खेळाडूंना वाटतं, झालं, सुटलं प्रकरण.

इथे जीएमने सांगायचं, “तुमच्या पात्रांना माहीत आहे की रोकुगानात पुराव्याहून साक्ष मोठी. आणि साक्ष कोणाची, यावर सगळं अवलंबून. शेतकऱ्याच्या शब्दाने समुराई दोषी ठरत नाही. उलट या पोराने तोंड उघडलं तर त्याच्या मानेवरच बेतेल.”

सवयीने गुप्तहेर झालेले खेळाडू इथे थबकतात. मी मुद्दाम या जागी वेळ देतो. ते चिडतात, हा कसला कायदा म्हणून वाद घालतात. घालू द्या. त्या चिडण्यातून त्यांना ते जग कळतं. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की साक्ष द्यायला एखादा समुराई हवा, आणि असा एकच आहे: सरदाराचा म्हातारा कारभारी. त्याने बोटी पाहिल्यात, पण ज्या घराचं मीठ तीस वर्षं खाल्लं त्याच्याविरुद्ध तो कसा बोलणार? आता तलवारीचा काही उपयोग नाही. त्याच्याशी चहा पीत बोलावं लागतं.

आणि इथे प्रत्येक पात्राला दिलेली ओढ बाहेर काढायची. सारस घराण्याच्या पात्राच्या बहिणीचं लग्न त्या धाकट्या भावाशी ठरलंय. खेकडा घराण्याच्या पात्राला कळतं की तांदूळ भिंतीवरच्या उपाशी फौजेकडे जातोय, तिथे त्याचा सख्खा भाऊ आहे. सिंह घराण्याच्या पात्राने सकाळीच शब्द दिलाय की संध्याकाळपर्यंत चोर हजर करू. दंडाधिकाऱ्याचा हुकूम तिघांनाही तोच, आणि तिघंही आता एकमेकांकडे बघायला लागतात. खेकडा घराण्याचा खेळाडू फासे टाकतो, यश मिळतं पण ताणासकट. फासा ठेवायचा की नाही, यावर तो बराच वेळ विचार करतो. नियम शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हुकूमच पाळायचा तर खेळाडूने करायचं काय?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि रास्त आहे. उपाय हुकूम देण्याच्या पद्धतीत आहे. धन्याने काय हवं ते सांगावं, कसं करायचं ते नाही. “तांदळाचा छडा लावा आणि आपल्या घराची नाचक्की होऊ देऊ नका.” यात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात. खेळाडूंना भरपूर मोकळीक मिळते, फक्त ती फुकट मिळत नाही.

समुराई सगळे बुशिदो पाळतच होते, असंही नाही. १५८२ मध्ये आकेची मित्सुहिदेने आपल्याच धन्यावर, ओदा नोबुनागावर, होन्नोजी मंदिरात हल्ला केला आणि नोबुनागाचा शेवट झाला. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळी बाजू बदलून गेला. सद्गुणांची जी नीटनेटकी यादी आज बुशिदो म्हणून फिरते, ती बरीचशी युद्धं संपल्यानंतरच्या लिखाणातून घडली. म्हणून एखाद्या खेळाडूच्या पात्राने धन्याला फसवलं तर ‘समुराई असं करत नाही’ म्हणून त्याला अडवू नका. करू द्या, आणि त्याचे परिणाम खरे ठेवा.

एका गोष्टीला मात्र मी पहिल्या कॅम्पेनमध्ये नाही म्हणतो: रोनिन पात्र. नवख्यांना ते आवडतं, कारण धनी नाही म्हणजे मोकळेपणा असं वाटतं. अकोच्या समुराईंना रोनिन होणं म्हणजे काय ते विचारायला हवं होतं. उत्पन्न गेलं, घर गेलं, नाव गेलं. धनी असणं म्हणजे काय हे आधी अनुभवलं की मगच तो गमावण्यात काही अर्थ येतो.

मृत्यू, सेप्पुकू आणि टेबलावरची माणसं

या जगात आत्महत्या ही शिक्षाही आहे आणि मानही. तुमच्या टेबलावर बसलेल्या कोणाच्या घरात असं काही घडलेलं असू शकतं, आणि ते त्याने कोणाला सांगितलेलं नसतं. म्हणून खेळ सुरू होण्याआधी एक बैठक नुसत्या बोलण्याची ठेवा. तिला सेशन झिरो म्हणतात. कुठली गोष्ट खेळात अजिबात नको आणि कुठली घडली तरी तिचं वर्णन नको, हे प्रत्येकाला विचारा, हवं तर चिठ्ठीवर लिहून घ्या. टेबलावर मधे एक फुली मारलेलं कार्ड ठेवा. कोणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच थांबवायचा आणि पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. सेप्पुकूशिवायही उत्तम समुराई कॅम्पेन होतं. पदच्युती, मुंडन करून मठात जाणं, नाव काढून घेणं, या शिक्षाही पुरेशा बोचतात.

लढाईही जपून आणा. इथली धारदार तलवार पटकन जिवावर उठते. पहिली लढत लाकडी तलवारींची असू द्या, सराव किंवा स्पर्धा. पाचव्या आवृत्तीच्या नवख्यांसाठीच्या संचातली गोष्टही अशीच बेतली आहे: त्सुमा गावात तरुण-तरुणी पुष्कराज अजिंक्यपदाच्या निरनिराळ्या कसोट्या देतात आणि त्यातून प्रौढ समुराई ठरतात. कोणी हरलं तरी मरत नाही, आणि नियम एकेक करून हाती येतात.

आपण जपानी नाही, मग हे बरं दिसतं का?

सोंग आणून तुटक जपानी बोलणं, नावांची टिंगल, प्रत्येक पात्र पुतळ्यासारखं ताठ दाखवणं, हे वाईट दिसतं आणि खेळही पडतो. पण कर्जात बुडालेला सरदार, मुलीच्या लग्नाची काळजी करणारी आई, वरिष्ठाची चूक झाकणारा कारकून, अशी माणसं उभी केली तर त्यात कोणाचा अपमान नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जपानी शिकणारे बरेच आहेत. गटात असा कोणी असेल तर उच्चार त्याला विचारा. आणि काल्पनिक रोकुगानला जपानचा इतिहास म्हणू नका, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ झालं.

सेशन संपताना

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाला एकच विचारा: “तुझ्या पात्राने आज कोणाला कसला शब्द दिला?” उत्तरं वहीत उतरवून घ्या. सिंहाने दंडाधिकाऱ्याला चोर आणून देतो म्हटलं, आणि आणला नाही. सारसाने बहिणीला पत्र लिहितो म्हटलं, आणि काय लिहायचं ते अजून ठरत नाही. खेकड्याने म्हाताऱ्या कारभाऱ्याला सांगितलं की तुमचं नाव कुठेही येणार नाही. पुढच्या सेशनची तयारी या तीन ओळींवरून करा. कारभाऱ्याला साक्षीचं बोलावणं आलेलं असू द्या.